मामीभोवतीची चौकट

माझा मामा पेपर उलटा धरून बघायचा. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. आमच्या कोपरखैरण्यात शाळा पुरी केलेल्या मोजक्या माणसांत तो होता. मुंबईला जाऊन चित्रकला शिकला आणि एका जाहिरात कंपनीत चिकटला. तिथं त्याच्याकडे ग्रामोफोनच्या रेकॉर्डींच्या जाहिराती मांडायचं काम होतं. गाणाऱ्याचा फोटो कुठे बसवायचा, नाव केवढं घ्यायचं, तबकडी कुठल्या कोपऱ्यात सरकवायची, दुकानदारांचे पत्ते तळाशी किती बारीक करायचे, हे सगळं तो ठरवायचा. घरी आला की दुसऱ्यांनी केलेल्या जाहिराती उलट्या धरून, डोळे अर्धे मिटून ओटीवर बसायचा. नवखा माणूस दारात आला तर आधी हळूच विचारायचा, "यांना बरं नाय काय?"

"अक्षरं झोपली पायजेत," मामा सांगायचा. "ती जागी असली की मानूस वाचत बसतो, बघत नाय. पेपर उलटा केला की अक्षरं झोपतात. मग फक्त काला नी पांढरा उरतो. आता सांग, डोला आदी कुटं बसला?" हा प्रश्न तो घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारी. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो. माझ्या आईला विचारला की ती म्हणे, "माजा डोला चुलीवर हाय, भात करपतोय." गावानं त्याचं नाव चौकट्या पाडलं होतं, आणि आम्ही भाचरं त्याला तोंडावरच चौकटमामा म्हणायचो. त्याला ते आवडायचं.

मामा मुलखाचा भित्रा. घाबरायला त्याला कारण लागत नसे. मांजर आडवं गेलं तर घाबरे आणि गेलं नाही तर आता कधी जाईल म्हणून घाबरे. पण गंमत अशी की जाहिरातीतही त्याला आधी भीतीच दिसायची, आणि ती बरोबर दिसायची. एकदा त्यानं मला एका भावगीतवाल्याची जाहिरात दाखवली. गायकाचं नाव पानभर, तबकडी मात्र बटणाएवढी. "जेवडं अक्षर मोटं तेवडा साहेब घाबरलेला," मामा म्हणाला. "मानूस पान उलटून जाईल म्हनून ओरडतोय तो." मग दिवाळी अंकातली दुसरी जाहिरात काढली. सगळं पान कोरं, आणि उजवीकडे खाली एका बाईचा लहानसा चेहरा, डोळे मिटलेले. तिच्याकडे तो खूप वेळ बघत राहिला. "ही जागा फुकट नाय घालवली. ही ऐकनाऱ्याला बसायला ठेवलीय," म्हणाला. मी तेव्हा विशीतली, मला काय कळणार? पण अजूनही एखादं पान खच्चून भरलेलं दिसलं की मला ते कोणीतरी घाबरून भरलंय असंच वाटतं.

फोटो कापलेला त्याला सहन होत नसे. एका सतारवाल्याच्या जाहिरातीत चौकटीच्या कडेवर त्याची बोटं तुटली होती. मामा रात्री जेवला नाही. "मेल्यांनी बोटं कापली. आता हा वाजवनार कशानं?" सकाळी बघते तर त्यानं पेन्सिलीनं कडेच्या कोऱ्या जागेत ती बोटं पुरी करून ठेवलेली, नखांसकट. पेपर शेजारच्यांचा होता. आईनं त्यावरून त्याला जे झाडलं ते अख्ख्या आळीनं ऐकलं.

आता मामीबद्दल सांगायला हवं, कारण मामाची खरी गोष्ट तिच्याशिवाय होत नाही. मामी दिघ्याची, आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटाआधी धवलारीण लागते. हळद लागण्यापासून सगळे विधी तिच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर चालतात, ती देवांना आवतण देते, आणि ती गप्प झाली की लग्न जागच्या जागी थांबतं. मामीचा आवाज जाडसर, थोडा खारट म्हणावा असा, पण तो उठला की मांडवातली पोरंसुद्धा रडायची थांबत. भीती हा शब्द तिच्या घरात फक्त मामाकडे होता. "तुमचा फोटो काडला तर चौकटीलाच घाम फुटल," असं ती त्याला चारचौघांत सुनवायची आणि मामा हसायचा.

मामाच्या साहेबानं एकदा कुठल्याशा लग्नात तिचं गाणं ऐकलं आणि रेकॉर्ड कंपनीच्या कानावर घातलं. लग्नगीतांची तबकडी काढायची ठरली. गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी तोंडं वाकडी केली. मांडव नाही, नवरानवरी नाही, मग धवला गायचा कोणापुढे? मामीलाही ते पटत होतं. शेवटी ती मुंबईला गेली ती आंब्याच्या पानांचं तोरण पदराखाली घेऊन. ते तिनं त्या मायकाच्या दांड्याला बांधलं आणि मगच तोंड उघडलं. तिथल्या लोकांनी काही म्हटलं नाही. मामा मात्र बाहेर बाकड्यावर थरथरत बसला होता, असं तीच सांगायची.

मग आली जाहिरात, आणि ती करायची मामानंच. बायकोच्या तबकडीची जाहिरात! महिनाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. ओटीच्या भिंतीवर कच्चे कागद टांगलेले, येईल त्याला विचारणं, डोळा कुठं बसला? त्याची भीती अशी की वर्तमानपत्राच्या त्या गजबजलेल्या पानात, साबण आणि धोतरांच्या गर्दीत मामी हरवून जाईल. म्हणून त्यानं एक युक्ती केली. फोटोभोवती बोटभर जाड काळी चौकट घातली. आत पांढरी शांत जागा, मधोमध मामीचा चेहरा. फोटो स्टुडिओत काढलेला. तिथला दिवा बघून आयुष्यात पहिल्यांदा मामी बावरली होती, त्यामुळे तोंड घट्ट मिटलेलं, डोक्यावर पदर, नजर सरळ. खाली नाव, आणि बारीक अक्षरांत तबकडीची माहिती. कागद उलटा धरून, डोळे अर्धे मिटून मामानं शंभरदा तपासलं. "अख्ख्या पानात डोला हितंच बसनार," तो म्हणाला. त्याला मी इतका खूश कधी पाहिला नव्हता.

डोळा तिथंच बसला.

जाहिरात आली त्या दिवशी दुपारी मामी अंगणात जवळा, ती बारीक कोलंबी, वाळत घालत होती. मी तिच्या शेजारी कचरा निवडत होते. बांधावरून आधी आवाज आला. बायकांचा रडण्याचा आवाज, एक नव्हे, पुष्कळ. आमच्याकडे मयताला असंच येतात, गावाच्या शिवेपासून गळा काढून, गेलेल्याचं नाव घेत. मामी उठून उभी राहिली. "कोन गेला गो?" तिनं मला विचारलं. तिचे हात जवळ्यानं भरलेले तसेच. मग वाऱ्यावर नाव ऐकू आलं. तिचं नाव. तिच्या माहेरच्या बायका ऊर बडवत येत होत्या, पुढे तिची चुलती, केस सुटलेले, आणि प्रत्येक हुंदक्याला मामीचं नाव. मी मामीचा दंड धरला, ती आहे ना, हे बघायला. तिचा दंड थंडगार पडला होता.

बायका बांधाच्या वळणावरून पुढे आल्या आणि त्यांना अंगणात मामी उभी दिसली. मग चुलतीनं जी किंकाळी फोडली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. "आली गो, आली!" करत त्या आल्या वाटेनं धावत सुटल्या. एकीनं जाता जाता मुठीनं माती उचलून मामीच्या दिशेनं फेकली. "मी हाय गो, काकी! मी हाय!" मामी ओरडत होती, पण जितकी ओरडे तितक्या त्या जोरानं पळत. शेवटी आईनं बांधापर्यंत धावत जाऊन त्यांना गाठलं तेव्हा उलगडा झाला. दिघ्याच्या चहाच्या हॉटेलात एक पद्धत होती, कुणी ओळखीचं वारलं आणि पेपरात आलं की तेवढा तुकडा कापून दर्शनी फळीला डकवायचा. काळी चौकट, आत मिटल्या तोंडाचा चेहरा. हॉटेलवाल्यानं डकवला. बघणाऱ्या दहांतल्या नऊजणांना वाचता येत नव्हतं, आणि दहाव्याला वाचायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी मामा कामावरून आला. त्याला सांगितलं तेव्हा तो उंबऱ्यातच खाली बसला. लोक हसण्यावारी नेत होते. मेल्याची बातमी खोटी ठरली की आयुष्य वाढतं, चला, वहिनी आता शंभर गाठणार! मामा कोणाचं ऐकत नव्हता. "मी घातली चौकट," एवढंच म्हणत होता. "माज्या हातानं तिच्याभवती मी घातली." रात्रभर तो मामीच्या नाकापुढे हात धरून बसला होता, असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. सांगताना हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही आलं नाही.

खरी भीती त्यानंतर आली. दिघ्यातल्या घराघरांत मामीच्या नावानं आंघोळी झाल्या होत्या. सुतकाची बातमी कळली की आपल्यात आधी डोक्यावरून पाणी घेतात, मग निघतात. एकदा माणसाच्या नावानं पाणी घेतलं की ते माणूस आपल्याकडून गेलं. परत कसं आणायचं, याचा विधी कोणालाच ठाऊक नव्हता. तिला मांडवात बसवायचं, तिच्या तोंडून देवांना आवतण द्यायचं? न जाणो. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण लग्नसराई तोंडावर आली तशी एकेक आवतण मोडू लागलं. कुणाच्या घरी दुसरी धवलारीण आधीच सांगितली होती, कुणाचं लग्नच पुढे गेलं होतं. आणि मामीचा आवाज बसला. ताप नाही, खोकला नाही. दळताना सवयीनं तोंड उघडायची, ओळ घशाशी यायची आणि तिथंच राहायची. "काकी रडली ना माज्या नावानं," ती मला म्हणाली, "त्या रडन्यात गेला गो आवाज." मामीला घाबरलेली बघणं ही माझ्यासाठी सगळ्यात भीतीची गोष्ट होती.

आणि त्यात माझं लग्न ठरलं होतं. मुलगा दिघ्याचाच. माझ्या मांडवात मामी गाणार नाही तर कोण गाणार? पण मुलाचे चुलते आले, पाणी प्यायले आणि खाली बघत आईला म्हणाले, "वयनी, राग नका मानू. आमी आंघोली केल्यात तिच्या नावानं. पोराचं लगीन हाय. दुसरी बघा." माणूस वाईट नव्हता. आईनं घणसोलीची एक धवलारीण सांगून ठेवली. मला काय वाटत होतं ते स्पष्टच सांगते. मला मामी हवी होती, आणि मला मामीची भीतीही वाटत होती. कुंकू आपलं, नवरा आपला, न जाणो.

हे सगळं मामा ओटीवर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. उठला आणि थेट दिघ्याला त्या हॉटेलात जाऊन बसला. दिवसभर तिथं बसून तो माणसं फळीकडे कशी बघतात ते बघत राहिला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला, पण डोळे वेगळे. "मी येडा," मला म्हणाला. "मी अक्षरं झोपवून बघायला शिकलो नी मोटा शाना झालो. आपल्या गावात अक्षरं झोपलेलीच हायत गो. कोनासाटी जागी होती ती?" मग म्हणाला, "चौकट कशी बगतात ठावं हाय? आदी खालची पट्टी. ती हाय म्हनून पेटी वाटते. मानूस आत नी झाकन लावलेलं."

नवीन चित्र करताना त्यानं ती खालची पट्टी काढली. बाकीच्या तीन बाजू ठेवल्या, उभे दोन खांब आणि वरती आडवं, त्यावर आंब्याची पानं. मांडवाला खालून पट्टी नसते, आत यायला वाट असते. फोटो त्याला नको होता, तोंड उघडं हवं होतं. पण मामी गात नव्हती, फोटो काढायचा कसा? म्हणून आठवणीनं काढू लागला. मामाचा हात माणसाच्या चेहऱ्यावर फारसा बसलेला नव्हता. त्याचं काम मांडणीचं. किती कागद फाडले! शेवटी एक दिवस त्यानं तो कागद मामीपुढे ठेवला आणि स्वतः दारामागे जाऊन उभा राहिला. मान वर, गळ्याची शीर ताणलेली, तोंड मोठ्ठं उघडं, एक हात कानावर. मामी बघत राहिली. मग म्हणाली, "एवडं उगडं तोंड? माशी जाईल ना आत." कितीतरी दिवसांनी ती हसली. मामा दारामागे रडला, आम्हाला ऐकू आलं.

साहेबाला त्यानं सगळं सांगितलं. साहेब आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला आणि दुकानांत वाटायला त्याच चित्राची पत्रकं पिवळ्या कागदावर छापू दिली. माझ्या लग्नाच्या दिवशी मामानं त्यातली दोन मांडवाच्या पुढच्या खांबांवर, उजवीकडे आणि डावीकडे, स्वतःच्या हातानं डकवली. आई म्हणाली, "लगीन हाय का दुकान?" पण काढायला लावलं नाही.

वऱ्हाड आलं. मी पाटावर बसले होते, मुंडावळ्यांतून जेवढं दिसत होतं तेवढंच सांगते. घणसोलीची बाई पुढे बसली होती, मामी मागे, बायकांच्या गर्दीत भिंतीला टेकून. मामीची चुलती वऱ्हाडातच होती, तीच ती बांधावरची. ती मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबली. तिच्यामागे सगळ्या बायका थांबल्या. ती खांबावरचा कागद बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. बघता बघता तिनं बोट उचललं आणि त्या चित्रातल्या उघड्या तोंडावर ठेवलं.

"कोन गो ही?" ती म्हणाली. "कोनाच्या लग्नात गातंय?"

मागून, भिंतीकडून आवाज आला. घोगरा, बसलेला. "तुमच्याच, काकी. दिघ्याच्या पोराच्या लग्नात."

मामी उठली. बायकांनी वाट दिली, का घाबरून बाजूला झाल्या, कोण जाणे. घणसोलीच्या बाईनं आपणहून जागा सोडली. मामीनं कानावर हात ठेवला आणि पहिली ओळ उचलली, ती अर्ध्यात तुटली. मी डोळे मिटून घेतले. मनात आलं, झालं, सगळं संपलं. आणि तेवढ्यात चुलतीनं, तिच्या म्हाताऱ्या कापऱ्या आवाजात, ती तुटलेली ओळ पुरी केली. मग दुसरी मामीनं. तिसरीला वऱ्हाडातल्या बायका मिळाल्या. चुलतसासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बसले.

मामा मात्र मांडवात नव्हता. माझा भाऊ त्याला शोधायला गेला, तर तो घरामागे, मासळी सुकवायच्या बांबूंखाली दोन्ही कानांत बोटं घालून बसला होता. भावानं बोटं ओढून काढली तर म्हणाला, "थांबली काय ती? मधीच थांबली काय?" गातेय म्हटलं तरी विश्वास ठेवीना. ऐकू येत होतं तरी ठेवीना. सगळे विधी उरकून बायका पान खायला लागल्या तेव्हा तो आला आणि मामीसमोर उभा राहिला. बराच वेळ तिच्या तोंडाकडेच बघत होता.

त्यानंतर मामी पुष्कळ लग्नांत गायली. मामा फार दिवस राहिला नाही. खाडीवर पूल व्हायच्या आधीच एका तापात गेला. त्याच्या कंपनीतले दोघे भेटायला आले होते. भले लोक. त्यांनी मामाच्या फोटोची सुबक मांडणी करून आणली होती, पेपरात द्यायला. मामीनं कागद हातात घेतला, पाहिला आणि परत दिला. नको म्हणाली.

त्यामुळे झालं असं की पुष्कळांना कळलंच नाही. वर्ष उलटलं तरी कोणी ना कोणी लांबून यायचा, छापखान्यातला, दुकानातला, जुना वर्गमित्र. दाराशी उभा राहून मामाची चौकशी करायचा, आणि मामीला ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागायचं. मला ते बघवेना. एकदा मी माहेरी आले होते तेव्हा न राहवून बोललेच, मामी, तेव्हा पेपरात दिलं असतं तर तुझा एवढा त्रास वाचला असता. ती जवळा पाखडत होती. सूप तिनं मांडीवर ठेवलं.

"सगल्यांना एकदम कललं असतं, नी एका दिवसात संपलं असतं," ती म्हणाली. "आता कोन तरी येतो, दारातून हाक मारतो, 'हायत काय घरी?' मी उटून दारापर्यंत जातंय ना, तवर ते घरी असतात."